कपाशीशेजारच्या पेट्या

आमच्या घराची मागची भिंत आणि एक कपाशीचं शेत एकमेकांना लागून आहेत. मुकुंदवाडी स्टेशनच्या पुढे जिकडेतिकडे प्लॉटिंगचे दगड रोवून झाले, घरांना गच्च्या आल्या, गच्च्यांवर टाक्या आल्या, तरी मध्ये हे एक शेत राहिलं. मालकाला विकायचं नव्हतं, म्हणून राहिलं. भिंतीच्या अलीकडे आमची जागा. तिच्यात एक शेवगा, एक कडुनिंब, माझ्या कोंबड्या आणि नवऱ्याच्या मधमाशा.

माझ्या आणि नवऱ्याच्या, ही वाटणी आमच्याकडे पक्की आहे. अंडी मागायला कुणी आलं की तो म्हणतो, "तिला विचारा." माशी चावली म्हणून कुणी बोंबलत आलं की मी म्हणते, "त्यांना विचारा." मी ब्लाऊज शिवते. मशीन मागच्या खोलीत खिडकीला लावलेलं आहे, त्यामुळे दोन्ही संसार दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात, आणि बोलायचं कामही मलाच करावं लागतं.

नवरा कंपनीतून निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं होतं की आता हा टीव्हीसमोर बसेल आणि मी चहा करत राहीन. तो कुठल्याशा प्रशिक्षणाला गेला आणि येताना दोन लाकडी पेट्या घेऊन आला. आत माशा.

"चावतील की," मी म्हटलं.

"आपण नीट वागलो तर नाही चावत," तो म्हणाला.

हे सूत्र त्याला माझ्या बाबतीत इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तरी मी जुनी मच्छरदाणी कापून त्याच्या टोपीला जाळी शिवून दिली, खाली इलॅस्टिक घातलं. जाळी घालून तो पेटीपुढे बसला की बोहल्यावर बसलेल्या नवरीसारखा दिसतो. मी तसं म्हटल्यावर त्याला राग आला, पण जाळी वापरतो.

कोंबड्या आणि माशा एका अंगणात नांदतात का, असं लोक विचारतात. छान नांदतात. पेटीखाली पडलेल्या अळ्या कोंबड्या टिपतात, मेणकिड्याची अळी तर त्यांना मिठाईसारखी लागते. माशा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाणी मात्र दोघींचं एकच. कोंबड्यांसाठी मी दह्याचं जुनं मातीचं भांडं भरून ठेवते. मातीत पाणी मुरतं आणि काठ ओला राहतो. माशांना तो काठ इतका आवडतो की उन्हाच्या वेळी त्या तिथे ओळीनं बसून पाणी ओढतात. आम्ही त्यांच्यासाठी वेगळी ताटली भरून, वर खडे टाकून ठेवली होती. तिच्याकडे एकही फिरकली नाही.

किडे मात्र दोन्ही घरांच्या नशिबी आहेत. माशांच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस किडा चिकटतो, पिल्लांच्या घरात शिरतो आणि मग पिल्लं चुरगळलेले पंख घेऊन बाहेर येतात. प्रशिक्षणात त्याला वरोआ म्हणत. नवरा त्याचं नाव घेत नाही, नुसतं "तो दिसतोय" म्हणतो. त्यावर औषधं मिळतात, पण पेटीत औषध घालायला त्याचा हात धजत नाही. तो पिठीसाखर घेतो, माझी मैद्याची चाळणी न विचारता घेतो आणि पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींवर साखर चाळतो. माशा पांढऱ्याफटक होतात, एकमेकींना चाटून साफ करायला लागतात, आणि त्या गडबडीत किड्यांची पकड सुटून ते खाली पडतात. तळाशी खोबरेल लावलेला कागद सरकवलेला असतो. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून तो कागद बघत बसतो. किडे जास्त दिसले तर जेवताना बोलत नाही. नर माशांच्या पिल्लांत किडा जास्त असतो, म्हणून पोळ्याचा तो तुकडा कापून कोंबड्यांपुढे टाकतो. किडा संपत नाही, पण आटोक्यात राहतो, आणि शेती असो की संसार, आटोक्यात राहणं हेच पुष्कळ असतं असं माझं मत आहे.

कोंबड्यांचा किडा वेगळा. तो दिवसा खुराड्याच्या फटीत लपतो आणि अंधार पडला की बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर चढून रक्त पितो. कोंबड्यांचे तुरे फिके पडतात, अंडी घटतात. त्यावर माझा उपाय म्हणजे चुना आणि राख. फटी खरवडायच्या, चुना फासायचा, आणि एका खड्ड्यात चुलीची राख आणि माती मिसळून ठेवायची. कोंबड्या त्यात अशा लोळतात की बघत राहावं. हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि माझी चिडचिड होते, पण शेजारी माशा असताना फवारायचं काही आणायचं नाही, हे आमचं ठरलेलं होतं.

आता भिंतीपलीकडचं सांगते. शेतवाले भाऊ आमच्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान. मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत, सून घरात, शेत एकट्याच्या अंगावर. पेट्या आल्या त्या पावसाळ्यात नवरा त्यांच्याकडे जाऊन बसला. कपाशीच्या फुलांवर माशा येणार, तुम्ही औषध मारणार, मग कसं करायचं, असं विचारलं. भाऊ विचार करून म्हणाले, "आदल्या सांजंला फोन करीन दादा. पन थांबनार नाय. कपाशीवर रोग आला म्हंजी मला मारावंच लागतं."

तेवढंच ठरलं आणि तेवढ्यावर सगळं चाललं. संध्याकाळी फोन यायचा, "उद्या फवारा हाय." मग दिवेलागणीला सगळ्या माशा घरी आल्या की नवरा पेट्यांच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवायचा, वर ओलं गोणपाट टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत गोणपाटावर पाणी शिंपडत राहायचा. मी कोंबड्या कोंडून ठेवायची, कारण विषानं मेलेली माशी कोंबडीनं टिपली तर तिचंही काही खरं नाही. पेट्या रोज काही अशा कोंडता येत नाहीत. आत उकाडा होतो, माशा उपाशी राहतात, गुदमरतात. म्हणजे त्या एका फोनवर आमच्या माशांचा जीव होता. नवऱ्याला हे कळत होतं आणि मलाही.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर माझी नणंद सोयगावहून आली. नवऱ्याची थोरली बहीण. डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते नीट झालं, ती घरी गेली आणि महिन्याभरानं तपासणीला परत आली. डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायचं नाही अशी ताकीद, आणि जन्मात कधी स्वस्थ बसायची सवय नाही. मागच्या वेळी खुराड्यातून अंडी काढताना तिच्या हातावर किडे चढले होते, ते ती विसरली नव्हती.

"अगं, राख काय फासत बसती? लई वंगाळ झालंय खुराडं."

"होतंय कमी, वन्सं," मी म्हटलं. "मी बघते."

एका दुपारी मी शिवलेले ब्लाऊज द्यायला बाहेर गेले. परत आले तर खुराडं लख्ख. फटी पुसलेल्या, दांड्या धुतलेल्या, पाण्याचं भांडं घासून भरलेलं. फिनाईलसारखा वास येत होता, म्हणून मला वाटलं फिनाईल मारलं असेल. काळ्या चष्म्यातल्या बाईनं वाकून एवढं काम केलं म्हणून मी तिला रागावले आणि आतून खूशही झाले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती गेली.

त्याच दिवशी, ऊन चढल्यावर, माशा मरायला लागल्या. पेटीपुढच्या फरशीवर माशा गोल गोल फिरत होत्या, उलट्या पडत होत्या, थरथरत होत्या. काहींची जीभ बाहेर आलेली. आतून नव्या माशा येऊन मेलेल्या ओढून बाहेर टाकत होत्या आणि मग त्याही पडत होत्या. मी आधी कोंबड्या कोंडल्या. नवऱ्यानं भिंतीवरून पलीकडे बघितलं. भाऊ पाठीला पंप लावून कपाशीतून चालले होते.

आदल्या संध्याकाळी फोन आला नव्हता.

नवरा मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. कंपनीत एवढी वर्षं काढली, पण भांडून घरी आला असं कधी झालं नाही. त्या दिवशी तो चप्पल न घालता गेला. मी मागून गेले तोवर सुरुवात झाली होती. भाऊंची सून बांधावर चहाची किटली घेऊन उभी होती.

"फोन का नाही केला?"

"दादा, औषध नाय यात. नुसतं खत हाय, पाण्यात इरघळायचं. औषध असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

"खतानं माशा मरतात का? तिकडे ढीग पडलाय."

"माज्या पंपात औषध नाय."

"खोटं बोलतोस तू," नवरा म्हणाला. सुनेसमोर म्हणाला.

भाऊंनी पंप खाली ठेवला. त्यांना संताप आला असता तर बरं झालं असतं. ते सुनेला एवढंच म्हणाले, "चहा घरी ने," आणि पाठ फिरवून गेले. मी नवऱ्याचा दंड धरून त्याला परत आणलं. खरं सांगते, तेव्हा मलाही तो बरोबरच वाटत होता. माझ्या डोळ्यांसमोर माशा पडल्या होत्या आणि त्याच वेळी पलीकडे पंप चालला होता, यापुढे आणखी काय पुरावा हवा?

त्यानंतर बोलणं बंद झालं. रस्त्यात भेटले तर भाऊ मान वळवत. फोन येणार नाही हे उघड होतं, आणि आमची खरी धास्ती तिथून सुरू झाली. कधी मारतील सांगता येत नव्हतं. नवरा पहाटे उठून भिंतीपाशी उभा राहायचा, वारा कुठून येतोय ते बघायचा, आणि रान शांत दिसलं तरच पेट्या उघडायचा. मी शिवता शिवता मशीन थांबवून कान द्यायची. बॅटरीच्या पंपाचा घूं घूं आवाज येतो का ते ऐकायची. येत नव्हता. आम्ही म्हणायचो, आपण झोपल्यावर मारत असतील, मुद्दाम चोरून मारत असतील. कारण माशा रोज थोड्या थोड्या मरतच होत्या. एक पेटी तर रिकामी झाल्यातच जमा होती. नवऱ्यानं तिच्यातल्या उरलेल्या माशा दुसऱ्या पेटीत घेतल्या आणि ती पेटी उलटी करून भिंतीला लावली. रात्री जेवला नाही. माणूस गेल्यावर घर जसं वागतं तसं आमचं घर त्या दिवसांत वागत होतं, आणि त्याबद्दल कुणी हसलं तरी मला चालेल.

कोंबड्यांचं पाणी मी पहाटे अंधारातच बदलते, पण एक दिवस ते राहिलं आणि मी दुपारी गेले. भांड्याच्या काठावर नेहमीसारख्या माशा ओळीनं बसल्या होत्या. बघता बघता त्यांतली एक घसरली, पाण्याशेजारी उताणी पडली आणि थरथरायला लागली. मग दुसरी. मी तिथेच बसले. भांड्याभोवतीच्या मातीत मेलेल्या माशांचा सडा होता. इतके दिवस आम्ही पेटीपुढची फरशी बघत होतो, इकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पलीकडे पंप नव्हता, वारा नव्हता. मी भांडं उचलून पाणी ओतलं आणि नाकाशी धरलं. तो फिनाईलचा वास नव्हता.

मी सोयगावला फोन लावला.

"वन्सं, खुराडं कशानं पुसलं होतं हो?"

"गोचिडाचं औषध," नणंद म्हणाली. "जनावरास्नी लावतो ना आमी, ते. घरून आनलं व्हतं बाटलीत. किडं गेलं का नाय?"

"गेले. कालवलं कशात होतं?"

"त्या मातीच्या भांड्यात. दुसरं काय घावलं नाय. मंग दोनदा धुतलं की चांगलं, आन् पानी भरलं. कोंबड्या ठीक हायत ना?"

"ठीक आहेत," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. कोंबड्यांना काही झालं नाही, किडेही गेले होते, तुरे लाल झाले होते. गोठ्यात ज्या औषधानं त्यांच्या गाई-म्हशी सुखी झाल्या तेच तिनं प्रेमानं आमच्याकडे आणलं होतं. मातीनं ते पिऊन घेतलं आणि रोज काठाशी थोडं थोडं परत दिलं. तिच्या गोठ्याशेजारी मधमाशा नव्हत्या, तिला काय माहीत. मी तिला काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही पहिलं हेच म्हणाला, "आक्काला कळू द्यायचं नाही."

त्यानं भांडं फोडून लांब खड्ड्यात पुरलं. खुराड्याच्या दांड्या बदलल्या. मी कोंबड्यांना आणि माशांना नवं भांडं आणलं, या वेळी स्टीलचं, आत दगड ठेवून. आठवड्याभरात पेटीपुढची फरशी स्वच्छ दिसायला लागली. एक पेटी वाचली होती.

"आता भाऊंकडे जायचं," मी म्हटलं.

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"जे आहे तेच."

दोन दिवस त्यानं टाळलं. त्याला बोलायचं नव्हतं असं नाही, त्याला ती सून आठवत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी निघाला तर हातात मधाची बाटली. मी ती काढून ओट्यावर ठेवली. माणसाला खोटारडा म्हणायचं आणि वर मध चाटवायचा, हे मला चालणारं नव्हतं. रिकाम्या हातानं जा म्हटलं, आणि मीही सोबत गेले.

रस्त्यानं वळसा घालून आम्ही शेतात शिरलो. भिंतीवरून बघताना आम्हाला फक्त वरचे शेंडे आणि फुलं दिसायची. आत गेल्यावर मी थबकले. पानांच्या कडा लाल पडून वाटीसारख्या वळल्या होत्या. पानं उलटली तर खाली मावा आणि तुडतुडे, नुसती बुजबुज. हाताला चिकट लागत होतं. मी काही शेतकरी नाही, पण एवढं मलाही कळलं की या कपाशीवर कितीतरी दिवसांत औषधाचा थेंब पडलेला नाही.

भाऊ बांधावर होते. सून भाजी खुडत होती. ती दूर जायला लागली तर नवरा म्हणाला, "थांब, बाई. तुझ्यासमोर बोललो होतो, तुझ्यासमोरच सांगायचंय." आणि त्यानं सांगितलं. विष आमच्या घरचं होतं, आमच्या माणसानं आणलं होतं, तुमच्या पंपात खतच होतं. मी तुम्हाला खोटं ठरवलं ते चुकलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

भाऊ खुरप्यानं मातीचं एक ढेकूळ फोडत राहिले. मग म्हणाले, "एक पेटी वाचली ना?"

"वाचली."

"बरं झालं."

मला राहवलं नाही. "भाऊ, कपाशीचं हे काय झालंय? औषध का नाही मारलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा काय विचारायचा प्रश्न झाला. "बोलनं बंद व्हतं ना, वहिनी," ते म्हणाले. "मंग फोन कसा करनार? आन् न सांगता कसं मारनार?"

नवऱ्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तो तिथेच बांधावर बसला. आम्ही भिंतीला कान लावून ज्या माणसाच्या चोरीची वाट बघत होतो, तो आपलं पीक डोळ्यांसमोर जाऊ देत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आत्ताच्या आत्ता मारा, भाऊ," नवरा म्हणाला. "पंप काढा. आता एक दिवसही थांबू नका. मी धरू लागतो."

भाऊ उठले. जवळच्या झाडाचं एक पिवळं फूल त्यांनी दोन बोटांनी हलकेच आमच्याकडे वळवलं. आत आमची माशी होती.

"आत्ता कसं मारायचं, दादा," ते म्हणाले. "त्या कामावर हायत की."